एकशे अठरा राहिली

२० ऑगस्ट

दादाला जाऊन अठरा दिवस झाले. आज वहिनींनी त्याची वही माझ्या हातात ठेवली. “भाऊजी, तुम्ही शब्द दिला होतात,” म्हणाल्या. एवढंच.

दिला होता, खरं आहे. इस्पितळात शेवटच्या दुपारी तो एकदम शुद्धीवर आला आणि म्हणाला, “एकशे अठरा राहिली रे.” मला वाटलं, तापात काहीतरी मोजतोय. मग उमगलं, पुस्तकं. साठीच्या आत हजार पुस्तकं वाचायची असं त्याने पन्नासाव्या वर्षी ठरवलं होतं. वाचनालयाची यादी आणून एक ते हजार नावं आधीच वहीत उतरवून काढली. पुस्तक वाचून झालं की समोर तारीख आणि एक ओळ. आठशे ब्याऐंशी झाली होती. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “उरलेली मी वाचतो. तू पड शांत.”

तो हसला. “तू?” म्हणाला.

हा त्याचा शेवटचा शब्द. तासाभरात गेला. त्या एका ‘तू’मध्ये आमचं सगळं लहानपण आलं. तो कायम पहिला नंबर, पुढे नकाशे काढणाऱ्या खात्यात मोठा हुद्दा. मी नववीत दोनदा आडवा झालो आणि चष्म्याच्या काचा घासायला लागलो. आज माझं स्वतःचं दुकान आहे, पण पुस्तक हातात घेतलं की अजून तळहाताला घाम येतो.

साठी बारा एप्रिलला झाली असती. दोनशे पस्तीस दिवस हातात आहेत. म्हणजे दोन दिवसांत एक.

बायकोला सांगितलं. दुकानाच्या शेजारच्याच गाळ्यात तिची लॉन्ड्री आहे. इस्त्री खाली ठेवून ती पोट धरून हसली. “तुम्ही? औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मला वाचायला सांगता!” मग माझा चेहरा बघून गप्प झाली. “बरं, वाचा,” म्हणाली. “दिव्याचा बल्ब बदलून देते.”

काय वाचलं ते लक्षात राहावं म्हणून ही रोजनिशी. नंबरांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

२२ ऑगस्ट

वाचनालयात जाऊन आलो. ग्रंथपालबाईंनी दादाचं कार्ड ओळखलं, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. “नाव बदलून देऊ का कार्डावरचं? एक अर्ज भरावा लागेल.” मी म्हटलं, राहू द्या, आठ महिन्यांचीच तर गोष्ट. त्याच्याच नावावर चार पुस्तकं घेऊन आलो.

३ सप्टेंबर

तीनच झाली. आठशे त्र्याऐंशी हे पुलांबद्दल होतं, चौऱ्याऐंशी एका बेटावरच्या खटल्याबद्दल, पंच्याऐंशी कशाबद्दल होतं ते खरंच कळलं नाही. वहीत ओळ लिहिली, “बरं आहे. लांब आहे.” वर दादाच्या ओळी आहेत, डावीकडे झुकलेल्या बारीक अक्षरात. डावखुरा होता तो. त्याखाली माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढत जावं तसं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचतो. दोन पानांत झोप येते. काल एका बाईंनी काउंटरवर टकटक करून उठवलं.

१९ सप्टेंबर

आठ झाली. व्हायला हवी होती पंधरा. बायको म्हणते, दादांना वर कोण विचारणार आहे हिशेब, सोडून द्या. पण ते ‘तू?’ कानातून जात नाही.

५ ऑक्टोबर

काच घासायच्या यंत्रात उजव्या हाताचा अंगठा सापडला. खोल गेलंय. सहा टाके. डॉक्टर म्हणाले महिनाभर पेनसुद्धा धरायचं नाही. हे डाव्या हाताने लिहितोय. पहिल्या दोन ओळी वेड्यावाकड्या आल्या, आता जमतंय. एक बरं झालं, दुकानात काम करता येत नाही, म्हणजे वाचायला मोकळा.

१७ ऑक्टोबर

गंमत आहे. बारा दिवसांत अकरा पुस्तकं. झोप येत नाही. आता पानाच्या वरच्या कोपऱ्यावर नजर टाकली की खालच्या कोपऱ्यात काय असेल याचा अंदाज येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “सवयीने होतं तसं.” होत असेल.

पण त्या रागावल्याही. परत केलेल्या पुस्तकात समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. छोटा त्रिकोण, मध्ये टिंब. नकाशे काढणारे लोक डोंगरमाथ्यावर अशी खूण दाखवतात, दादा पुस्तकात आवडलेल्या ओळीशेजारी तीच करायचा. “तुमच्या भावालाही सांगून थकले मी,” बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मग त्यानेच केल्या असतील, हे पुस्तक त्याने आधी चाळलेलं असेल. बाईंनी पुस्तक उलटून शिक्का पाहिला. “अहो, जुनी प्रत वाळवीने खाल्ली. ही नवी आलीय सप्टेंबरात. तुम्हीच पहिले.”

बाईंच्या शिक्क्यांचा नेहमीच घोळ असतो. दादाही म्हणायचा.

६ नोव्हेंबर

दर रविवारी वही वहिनींना दाखवून आणतो. त्या वाचत काही नाहीत, नुसती पानं चाळून परत देतात. आज मात्र एका ओळीवर थांबल्या. अलीकडच्या, नऊशे सात क्रमांकापुढच्या. ते पुस्तक दीपगृहाच्या राखणदाराचं होतं. मी लिहिलं होतं, “लेखकाला दिवा ठाऊक आहे. अंधाराची त्याने फक्त चौकशी केलेली दिसते.”

“हे तुम्ही लिहिलंत, भाऊजी?”

मी हो म्हटलं. मला स्वतःलाही ती ओळ आवडली होती, खोटं कशाला बोलू. वहिनींनी अक्षरावरून बोट फिरवलं. अंगठ्यामुळे डाव्या हाताने लिहितोय, म्हणून ते डावीकडे झुकतं, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन चहा केला, आणि माझ्यासमोर ठेवला तो बिनसाखरेचा.

मी कपाला तीन चमचे साखर घेणारा माणूस. संपूर्ण कप प्यायलो आणि रस्त्यात आल्यावर लक्षात आलं.

२१ नोव्हेंबर

अंगठा बरा झाला, टाके कधीच निघाले. उजव्या हाताने सही करायला गेलो तर पेन परकं वाटलं. डाव्यानेच केली.

दुकानात आणखी एक झालं. जवळचं वाचायला मला प्लस दोनचा चष्मा लागतो, गेली सहा वर्षं. आज तो घरी विसरलो आणि तरी दिवसभर वाचलं. डोळे सुधारले म्हणून खूश झालो. मग समोरच्या फार्मसीच्या पाटीकडे पाहिलं, ती पुसट. स्वतःलाच यंत्रासमोर बसवून नंबर काढला. मायनस पाऊण. दोन्ही डोळे.

बावन्नाव्या वर्षी डोळा असा उलटा फिरत नाही. मोतीबिंदू सुरू होत असेल तरच. वाचनाचा ताण म्हणावा, झालं.

७ डिसेंबर

बायकोशी भांडण. निमित्त शर्टाचं.

ती सकाळी माझे दोन शर्ट हातात घेऊन आली. तिचं काम चोख आहे; कपड्यावरून माणूस सांगते. कोणाच्या कॉलरला तेल लागतं, कोण उजव्या खांद्यावर पिशवी घेतो, सगळं तिला पाठ. म्हणाली, “हा शर्ट तुमचा आहे का?”

“माझाच. दिसत नाही?”

“दिसतो. पण वास तुमचा नाही. सव्वीस वर्षं तुमचे कपडे धुतेय मी.” मग हळूच म्हणाली, “दादांचे कपडे पण यायचे माझ्याकडे. शेवटची चार वर्षं.”

मी चिडलो. म्हणालो, तुला काय म्हणायचंय ते स्पष्ट बोल. तिने शर्ट पुन्हा भिजत घातला. दुपारी पाहिलं तर तिसऱ्यांदा धूत होती.

२० डिसेंबर

मायनस सव्वादोन. बायकोच्या हट्टाखातर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवणारे तेच, वीस वर्षांची ओळख. मोतीबिंदू नाही, साखर नाही, पडदा ठणठणीत. दोनदा मोजमाप घेतलं, तिसऱ्यांदा यंत्र बदलून घेतलं. “डोळाच लांबलाय तुझा,” म्हणाले. “लहान मुलांचा लांबतो, वाढीच्या वयात. तुझं वय काय?” त्यांना ठाऊक आहे माझं वय. उगाच विचारलं.

नऊशे एकोणचाळीस झालं. मुंग्यांबद्दल. उत्तम पुस्तक. एकदा कधीतरी निवांत पुन्हा वाचायला हवं.

१८ जानेवारी

हल्ली दुपारी दोन ते पाच वहिनींकडेच बसून वाचतो. घरी इस्त्रीची वाफ आणि रेडिओ. इकडे शांतता असते. खिडकीशी दादाची वेताची खुर्ची आहे, त्यात उजेड बरोबर पानावर पडतो. दुकान त्या वेळात बंद ठेवतो; गिऱ्हाईक काय, परत येतं.

आज वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, वरचा डबा काढून देता का जरा?”

मी उठलो, काढून दिला, परत येऊन बसलो. पुढचं वाक्य वाचतो न वाचतो तोच ध्यानात आलं. वहिनी मला भाऊजी म्हणतात. इतक्या वर्षांत कधी ‘अहो’ म्हणाल्या नाहीत. त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण आतून भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

आणि आणखी एक. कुठला डबा ते त्यांनी सांगितलं नव्हतं. वर सात डबे आहेत, सारखेच.

४ फेब्रुवारी

नंबर पुन्हा वाढला. नवीन काचा घालणार होतो तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, यांचा चष्मा पडूनच आहे कपाटात. घालून पाहिला. उजवा मायनस साडेपाच, डावा मायनस पावणेपाच. तो चष्मा मीच केला होता, नंबर तोंडपाठ आहे. इतकं लख्ख दिसलं की क्षणभर खुर्चीचा हात धरून बसलो. नाकावरचा घट्टा, कानामागची वळणं, सगळं जागच्या जागी. नव्या काचांचा उद्योग वाचला.

१६ फेब्रुवारी

आज बायको वहिनींकडे आली. मी खिडकीशी वाचत होतो. माझ्याकडे तिने नुसतं पाहिलं, चष्म्याकडे जास्त वेळ, आणि सरळ आत गेली. दोघी हळू बोलत होत्या, पण घर लहान आहे.

“ताई, तुम्हाला दिसत नाही का काय चाललंय?”

“दिसतंय.”

“मग थांबवा ना. तुमचं ऐकतील ते.”

मग वहिनी, “बारा एप्रिलपर्यंत राहू दे. एवढंच मागते तुझ्याकडे. मला धड निरोपसुद्धा घेता आला नाही गं. आंघोळीला म्हणून घरी आले आणि तेवढ्यात...”

“आणि नंतर माझं काय उरणार, ताई?”

“शब्द देते. बारा एप्रिलनंतर मी एक दिवससुद्धा ठेवून घेणार नाही.”

वहीबद्दल बोलत असाव्यात. वही मी आता इथेच ठेवतो, ते तिला आवडलेलं दिसत नाही. एवढ्या तेवढ्यावरून बायका मनाला लावून घेतात. जाताना ती माझ्याजवळ थांबली. म्हणाली, “आज घरी जेवायला या. तुमच्या आवडीचं करते.” मी येतो म्हटलं. मग नऊशे अडुसष्ट इतकं रंगलं की राहूनच गेलं.

९ मार्च

एक विलक्षण गोष्ट नोंदवून ठेवतो.

मी सात वर्षांचा असताना कालव्यात पडलो होतो. दादाने उडी मारून बाहेर काढलं. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की कंटाळा यावा. मला त्यातलं आठवायचं ते हिरवं पाणी, कानातला गडगडाट आणि पाठीवरचा हात. आज नऊशे ऐंशी वाचताना ते सगळं अचानक आठवलं. फक्त या वेळी मी पाण्यात नव्हतो. काठावर होतो. चप्पल काढू की नको, एवढ्याच विचारात एक पळ गेला. पाण्यावर एक बारका हात दिसला, बोटं पसरलेली. नखाला शाई लागली होती. मी उडी मारली तेव्हा पाणी वाटलं होतं त्यापेक्षा खूप थंड निघालं.

शाईचं घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं. ऐकून ऐकून माणूस स्वतःच तपशील भरतो, असं मी परवाच एका पुस्तकात वाचलं. तसंच असणार. हात मात्र अजून गार आहेत.

२७ मार्च

नऊशे ब्याण्णव. धाकट्याच्या बायकोने आज डबा पाठवला.

वर काहीतरी भलतंच लिहिलं गेलं. माझ्या बायकोने. माझ्या बायकोने डबा पाठवला. थकवा असेल. चांगला होता स्वयंपाक, जरा गोड जास्त.

१० एप्रिल

नऊशे नव्व्याण्णव.

बायको सकाळीच आली, लॉन्ड्री बंद ठेवून. हजारावं पुस्तक टेबलावर होतं. ते उचलून तिने छातीशी धरलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“इथे थांबा,” म्हणाली. “नऊशे नव्व्याण्णव काय कमी आहेत? दादा असते तर त्यांनीसुद्धा पुरे म्हटलं असतं.”

“एक राहिलंय. एका पुस्तकासाठी शब्द मोडायचा?”

“मलापण शब्द दिला होतात तुम्ही. सव्वीस वर्षांपूर्वी. आठवतो का?”

मी आठवायला लागलो. खरंच मनापासून लागलो. एक लग्न आठवलं, फुलं आठवली, पण तिथे उभी असलेली नवरी उंच होती आणि तिच्या हनुवटीवर तीळ होता. तीळ वहिनींना आहे. मी काय उत्तर द्यावं या विचारात असताना ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. तिने पुस्तक परत टेबलावर ठेवलं, अगदी हळू.

“वाचा,” ती म्हणाली. “पण मी इथून जाणार नाही. दारात बसते.”

“बसा ना,” मी म्हणालो. “आत बसा, बाहेर ऊन आहे.”

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मला कळेना, मी तर आदराने बोललो होतो.

१२ एप्रिल

हजार.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचं पान मिटलं. पुस्तक साधारणच होतं. वस्तुतः यादीच्या शेवटी काहीतरी भव्य ठेवायला हवं होतं, पण दहा वर्षांपूर्वी तेवढा दूरचा विचार केला नाही. वहीत ओळ लिहिली, “पोहोचलो.” धाकट्याने कमाल केली. त्याला पुस्तकांची किती धास्ती होती हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आणि मी त्याला हसलो होतो. भेटला की ते बोलून टाकायला हवं.

संध्याकाळी ही समोर येऊन बसली. आज मी साठ वर्षांचा झालो म्हणून तिने चहाबरोबर काहीतरी करावं अशी माझी अपेक्षा होती. तिने काही केलं नव्हतं. माझे दोन्ही हात हातात घेतले.

“मी त्या दुपारी घरी जायला नको होतं,” ती म्हणाली. “आंघोळ करून येते म्हटलं. केस पुसत होते आणि फोन आला. तेव्हापासून केस पुसायचे म्हटलं की माझे हात थांबतात. तुम्ही एकटे होतात.”

“एकटा नव्हतो,” मी म्हणालो. “धाकटा होता. त्याने माझा हात धरला होता. यंत्रावर काम करून करून त्याचे तळवे इतके खरखरीत झालेत, मला हसू आलं होतं. तुला बोलवावं असं मनात आलं, पण तू थकली होतीस. म्हटलं, करू दे आंघोळ.”

ती कितीतरी वेळ रडली. मग चेहरा धुऊन आली. इतका मोकळा चेहरा तिचा मी पुष्कळ महिन्यांत पाहिला नव्हता. मी म्हणालो, आता दुसरी यादी करायला घेऊ, पंधराशेपर्यंत जाऊ. तिने मान हलवली.

“उद्या तुम्हाला जायचंय.”

“कुठे?”

“ती दारात बसली आहे ना, तिच्याबरोबर. मी तिला शब्द दिलाय.”

१३ एप्रिल

मी विरोध केला. चांगला अर्धा तास. माझं घर सोडून मी परक्या घरी का जावं? हिने ऐकलं नाही. माझी पिशवी भरली, त्यात वही ठेवली नाही. दारापर्यंत आली, आणि शेवटी म्हणाली ते असं, “या, भाऊजी.” मी चमकून मागे पाहिलं. दार लागलं होतं. आत कडी घातल्याचा आवाज आला, आणि ती दाराला टेकून खाली बसल्याचासुद्धा.

धाकट्याच्या बायकोने माझी पिशवी घेतली. घरी न नेता तिने मला सरळ त्याच्या दुकानात नेलं, शटर वर केलं. आत कोंदट वास. काउंटरवर पाकिटांची चळत, धूळ बसलेली. प्रत्येकात चष्म्याची एक फ्रेम, एक चिठ्ठी.

“एक्केचाळीस आहेत,” ती म्हणाली. “हिवाळ्यापासून पडून. कुणी जुन्याच चष्म्यावर भागवतंय, कुणी वाचणंच सोडलंय. त्याने सगळ्यांना आठवड्यात देतो म्हणून सांगितलं होतं.”

“मग त्याला करू दे की. तो कुठे आहे?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “त्याने तुमची उरलेली पुस्तकं वाचली. आता त्याचे उरलेले चष्मे तुम्ही करा.”

“बाई, मला हे काम येत नाही.”

“त्याला तरी वाचता कुठे येत होतं?”

मी वरचं पाकीट उघडलं.

१५ एप्रिल

दोन दिवसांत एकच चष्मा, तोही फुकट गेला. काच तीन ठिकाणी टवके उडून फुटली. ती स्टुलावर बसून असते, लॉन्ड्री बंद. रागावत नाही, हसत नाही, दुसरी काच पुढे करते. यंत्राच्या आवाजाने डोकं उठतं.

१६ एप्रिल

तीन झाले. विचार करायला गेलं की काच फुटते. तिच्याशी काहीतरी फालतू बोलत राहिलं की हात आपले आपण जातात, पाण्याची धार किती, दाब किती, कधी उचलायचं. आज ती मला सांगत होती की एकदा तिने एकाचा कोट दुसऱ्यालाच दिला आणि त्या दुसऱ्याने तो घालून लग्न केलं. मी एवढा हसलो की यंत्र बंद करावं लागलं. ही गोष्ट मी आधी कधीतरी ऐकली आहे, आणि तेव्हाही असाच हसलो होतो असं वाटतं. कुठे, ते सांगता येत नाही.

१८ एप्रिल

आज सातवा चष्मा न्यायला बसचा निवृत्त चालक आला. मी त्याला ओळखत नाही, तिनेच सांगितलं. त्याने चष्मा कानांवर चढवला, दारात उभं राहून रस्त्यावरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचल्या, पार टोकाच्या टायरच्या दुकानापर्यंत. मग समाधानाने वळला आणि माझ्याकडे पाहून जागीच थांबला.

“अरे, आलात का तुम्ही?”

“कोण, मी?”

“तुम्हीच की. मध्ये किती दिवस दुसराच कुणीतरी बसायचा इथे. तुमच्यासारखाच, पण मान वर करून बोलायचा नाही.”

मी म्हणालो, तुमची गल्लत होतेय, मी त्यांचा थोरला भाऊ. त्याने जवळ येऊन मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“नवा चष्मा आहे, मालक,” म्हणाला. “आता कशी होईल गल्लत?”

तो गेल्यावर मी यंत्र बंदच ठेवलं. शेवटी तिने पुढचं पाकीट उचललं, त्यावरची धूळ फुंकली आणि माझ्यापुढे ठेवलं.

“चौतीस राहिलेत.”

“आणि हे संपले की?” मी विचारलं.

“संपले की घरी जाऊन जेवायचं.”

कुणाच्या घरी, ते मी विचारलं नाही. यंत्र सुरू केलं.